डिप्टी साहेबांचं मानपत्र आन् साळूची पाचवी

अरे थांबा, थांबा की मित्रांनो! असे धडाधडा पुढं कामून चाललात? वर बघा, भिंतीवर. ही पिवळी पडलेली चौकट, कोपऱ्यात तडा गेलेली काच, तो मीच. मी एक मानपत्र हाय. वय म्हणाल तर सहा-सात वर्षं, पण एवढ्यातच म्हातारा दिसून राह्यलो. मी जे बघितलं ते तुम्ही बघितलं असतं तर तुम्हीबी पिवळे पडले असते!

आन् हसू नका. निर्जीव वस्तू बोलायला लागली की त्याला चेतनगुणोक्ती म्हणतेत. अलंकार हाय तो, भाषेचा दागिना. आमच्या नरहर गुरुजींनी शिकवलेला. मी तर असल्या दागिन्यांनी गळ्यापर्यंत भरलेलो हाय. त्यातल्या एकानं काय करून ठेवलं ते सांगतो. सांगताना आजबी माझी काच थरथरती, हात लावून बघा.

मानपत्र काय असतं ठाऊक हाय ना? गावात मोठा साहेब आला की त्याला हार घालतेत, नारळ देतेत, त्याचे गुण एका कागदावर लिहून सगळ्यांपुढं वाचतेत, आन् मंग तो कागद चौकटीत घालून त्यालाच देऊन टाकतेत. तो कागद म्हणजे मी.

माझा जन्म भोकरदन तालुक्यातल्या एका शाळेत झाला. धावड्याच्या वाटेवर, डोंगराच्या पायथ्याला गाव हाय ते. निजामाचं राज्य जाऊन पाच-सहा वर्षं झालती. आधी त्या शाळेत उर्दू चालायची, आता मराठी आल्ती, आन् मराठी शिकवायला नरहर गुरुजी आल्ते. तरणे, सडपातळ, आन् अलंकारांचे बिलकुल वेडे! पोरांना पाढे येवोत न येवोत, उपमा आलीच पाहिजे, रूपक आलंच पाहिजे.

पोरांनी त्याचा खेळच करून टाकल्ता. कोणी काही बोललं की वरडायचं, हा अमका अलंकार, तो तमका. त्यात साळू सगळ्यांच्या पुढं. साळू म्हणजे कचरूची पोरगी, अकरा वर्षांची, गावच्याच शेतकऱ्याच्या घरची. शाळेच्या मागंच त्यांचं घर. तिची माय तुळजाबाई तिकडून हाक मारायची, "साळेऽ, बोलावून बोलावून घसा फुटला गं माझा, रक्त आलं!"

साळू वर्गातून वरडायची, "अतिशयोक्ती!"

"ये भाईर, दाखवते तुला अतिशयोक्ती! झाडूची एक काडी शिल्लक ठिवणार न्हाई!"

"हीबी अतिशयोक्तीच!"

सगळा वर्ग हसायचा. गुरुजी तर खिडकीत जाऊन हसायचे.

पण साळूला एक घोर लागल्ता. ती चौथी पास झाल्ती, आन् शाळा चौथीपर्यंतच. पाचवी पार भोकरदनला. कचरूनं साफ सांगितल्तं, "पोरीला मी एवढ्या लांब धाडणार न्हाई. एक साल वाट बघू. मिरगापर्यंत गावात पाचवी निघाली तर शिक, न्हाई तर शेळ्या हायेत." म्हणून साळू पास होऊनबी चौथीतच बसायची. एकच पुस्तक दुसऱ्यांदा वाचायची. मिरगाचे दिवस बोटावर मोजायची.

गुरुजींनी पाचवीसाठी खात्याला दोनदा अर्ज धाडला. जवाब न्हाई. मंग एक दिवस गावचे मच्छिंद्र पाटील शाळेत आले आन् म्हणले, "गुरुजी, अर्जानं काय होतं? अर्जात आपला हात खाली असतो. माघात डिप्टी साहेब शाळा तपासायला येऊन राह्यलेत. त्यांना मानपत्र द्या. पाचवी दिल्याबद्दल."

"पण त्यांनी अजून दिलीच न्हाई की पाचवी!"

"म्हणून तर! दिली असती तर मानपत्राचा खर्चा कशाला केला असता? आपली रीत हाय गुरुजी, आधी मान, मंग काम. मान घेतलेला माणूस न्हाई म्हणंल का?"

गुरुजींना पटलं. मलाबी पटलं असतं. मी तवा गुरुजींच्या वहीच्या मागच्या पानावर नुसत्या चार खोडलेल्या ओळी होतो, मला काय कळतंय!

गुरुजींनी पोरांनाच वाक्यं मागितली. म्हणले, साहेबांवर एक-एक अलंकार करा. एकानं सांगितलं, "साहेब आमच्या म्हशीसारखे शांत." दुसरा म्हणला, "साहेब ज्ञानाचे सूर्य." गुरुजी म्हणले, "रूपक, शाबास. म्हैस राहू दे." मंग साळू उठली. डोळे मिटले, आन् एका दमात बोलली:

"आपले पाऊल या मातीला लागले आणि पाचवीचा वर्ग भरला! आज आमच्या लेकी त्या वर्गात बसून शिकत आहेत, त्यांचा आवाज वेशीपर्यंत ऐकू येतो!"

गुरुजींच्या हातातला खडू खाली पडला. "अगं, कारणाच्या आधीच फळ! झाडाआधीच आंबा! अतिशयोक्तीतली ही तर सगळ्यात खाशी जात हाय!" त्यांनी ते वाक्य माझ्या बराबर मधोमध लिहिलं. मला वाटलं, मित्रांनो, की मी आता राजाच झालो.

मंग मला नवीन जालन्याला नेलं, टेसनाच्या रस्त्यावर, वामन पेंटरच्या दुकानात. वामन पेंटरनं उभा जन्म उर्दू पाट्या रंगवल्या होत्या, त्यामुळं त्याची मराठी अक्षरंबी जराशी तिरकी पळायची. पण हात काय सुरेख! जाड कागद, कडेनं वेल, पोटात लाल अक्षरं, आन् साळूचं वाक्य सगळं सोनेरी. ते सोनेरी भरता भरता त्यानं मान वर केली.

"गुरुजी, पाचवी निघाली म्हणा की गावात. पेढे कुठं हायेत?"

"कशाची पाचवी! अलंकार हाय हो तो."

वामन पेंटरचा कुंचला हवेतच थांबला. "आता माय! मी सोन्यात लिहून राह्यलो, मला वाटलं खरं असंल!"

गुरुजी हसले. मीबी हसलो. कशाला हसलो असंल मी!

माघात डिप्टी साहेब आले, दमणीत, म्हंजे छपराच्या बैलगाडीत बसून. जगन्नाथराव त्यांचं नाव. जाडजूड, भला माणूस, डोळ्यात पटकन पाणी येणारा. पाटलांनी त्यांना आधी जेवायलाच नेलं. पुरणपोळ्या, तूप, वरून आग्रह. जेवण उरकंस्तवर ऊन कललं, साहेबांना वर्गात जायला टाईमच उरला न्हाई. भाईर मांडवात सगळ्या गावची पोरं रांगेत बसवल्ती, शाळेतली आन् बिनशाळेतली, तेल लावून, धुतलेले कपडे घालून. मोठ्या मोठ्या पोरीबी होत्या. गुरुजींनी मला दोन्ही हातांत धरून वाचलं. सोनेरी वाक्य आलं तवा टाळ्या थांबेनात. साहेबांनी रुमाल काढला, डोळे पुसले आन् म्हणले, "इतकी समाधानी माणसं मी दुसरीकडे पाहिली नाहीत."

साळू पुढच्या रांगेत होती. टाळ्या वाजवून वाजवून तिचे तळवे लाल झालते. तिला वाटलं, झालं, आली पाचवी.

मी साहेबांबरोबर जालन्याला गेलो. त्यांच्या बैठकीत, टेबलाच्या बराबर वर मला टांगलं. आलेल्या-गेलेल्याला साहेब मला वाचून दाखवायचे. त्यांची बायको रमाबाई रोज माझी काच पुसायच्या, पुसता पुसता म्हणायच्या, "ज्ञानाचा सूर्य अजून अंघोळीला उठला नाही वाटतं." एवढं कौतुक, एवढा मान! दोन महिने मी नुसता फुगून बसल्तो.

मंग तो रविवार आला.

साहेब सकाळी टेबलावर कागद घेऊन बसल्ते. त्यातून त्यांनी एक अर्ज उचलला. मी वरून अक्षर वळखलं, गुरुजींचं! पाचवीचा अर्ज! मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. साहेबांनी अर्ज वाचला. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"अगं, ऐकलंस का?" त्यांनी रमाबाईंना हाक मारली. "हे लोक पाचवी मागतायत. आणि पाचवी तर चालू आहे तिथं!" त्यांनी मान वर करून माझ्याकडं बोट केलं. "हे काय लिहिलंय! आमच्या लेकी त्या वर्गात बसून शिकत आहेत."

आन् त्यांनी लिहिलं. माझ्या डोळ्यांदेखत लिहिलं, मित्रांनो! 'सदर गावी पाचवीचा वर्ग सुरू असल्याचे गावकऱ्यांनी स्वतः मानपत्रात नमूद केले आहे. नवीन वर्गाची व शिक्षकाची जरुरी नाही. अर्ज निकाली.' सोबत माझी नक्कल जोडली!

मी वरडलो. खरंच वरडलो. साहेब, अतिशयोक्ती हाय ती! पण काचेच्या आतून कोणाला ऐकू जातंय? मला कळंना, मी कोण हाय. ज्या वर्गासाठी मला जन्माला घातलं, त्याच वर्गाचा गळा मी दाबला. माझ्या तोंडानं! माझ्या सोन्यानं! अंगावरचे वेल, फुलं, सगळं वरबाडून टाकावं वाटलं मला.

तो जवाब गावात पोचला, आन् चैतात, ऐन उन्हात, साहेबांच्या दारावर दोन जणी आल्या. तुळजाबाई आन् साळू. भोकरदनपर्यंत बैलगाडीनं आन् पुढं मोटारीनं आल्त्या, तोंडं धुळीनं भरलेली. गुरुजीबी आल्ते, पण ते फाटकाशीच थांबले. नोकरीचं भ्या. सरकारला खोटं लिहून दिलं म्हणलं तर काय घ्या! रमाबाईंनी दोघींना पाणी दिलं, तवा तुळजाबाई बोलली, "पाटील म्हणले, दिलेला मान परत मागायचा नसतो, गावाचं नाक कापू नका. पण बाई, नाक गावाचं आन् साल माझ्या पोरीचं. म्हणून आलो."

साहेब भाईर आले. साळूनं हात जोडले आन् माझ्याकडं बघितलं.

"साहेब, मला माझं वाक्य परत द्या."

"कोणतं वाक्य?"

"ते सोनेरी. आमच्या गावात पाचवी न्हाई."

साहेब मटकन खुर्चीवर बसले. "म्हणजे... हे खोटं आहे?"

"खोटं न्हाई साहेब. अतिशयोक्ती हाय."

"अगं, पण एवढी माणसं टाळ्या वाजवत होती! एकानंही सांगितलं नाही?"

तुळजाबाईनं पदर सावरला. "साहेब, लग्नात नवरीला लक्ष्मी म्हणतेत. मंग काय घरी नेल्यावर तिला तिजोरी उघडायला लावतेत का?"

रमाबाईंना हसू आलं, त्यांनी ते पदरात दाबलं. साहेबांना मात्र राग आला. तोंड लालबुंद. "ही फसवणूक आहे! मी वर लिहून कळवलंय, त्याचं काय? तुमच्या त्या मास्तरला जाब विचारतो मी!"

फाटकाशी गुरुजी पांढरेफटक पडले. मीबी पडलो असतो, पण माझ्या अंगावर सोनेरी रंग होता.

साळू टेबलाला चिकटून उभी राह्यली. तिनं माझ्याकडं बोट केलं. "गुरुजींचं न्हाई साहेब, माझं वाक्य हाय ते. बोला, सगळ्या अलंकारांची नावं सांगते."

"सांग."

ती एक-एक ओळ बोटानं दाखवत गेली. "'ज्ञानाचे सूर्य', हे रूपक. 'डोंगरासारखे अचल', ही उपमा. 'आपल्या स्वागताला डोंगरही हसले', ही चेतनगुणोक्ती, कारण डोंगर हसत न्हाई. आन् ही अतिशयोक्ती, माझी."

साहेब उठले. माझ्या अगदी जवळ आले. इतके जवळ की त्यांचा श्वास काचेवर उमटला. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत वाचलं, जसं काही पहिल्यांदाच वाचून राह्यलेत.

"मग पोरी," ते हळूच म्हणले, "यात मी कुठं आहे?"

साळू गडबडली. तिनं पुन्हा सगळं शोधलं. "हे काय, वर तुमचं नाव हाय की साहेब."

"आणि खाली तारीख," रमाबाई म्हणल्या.

मला तर वाटलं माझी चौकट निखळून पडती का काय. एवढ्या सगळ्या शब्दांत खरं म्हणाल तर एक नाव आन् एक तारीख! मला कोणी सांगितलंच नव्हतं कधी!

साहेबांनी मला खिळ्यावरून उतरवलं. पाठीमागची पाटी काढली, काच बाजूला ठेवली. दौत-टाक साळूपुढं सरकवला. "तुझं वाक्य आहे ना? मग तूच काट."

मित्रांनो, त्या टाकाचं टोक मला लागलं! सोनेरी रंगावर शाई ठरंना, घसरून जायची. साळूनं दोनदा, तीनदा, दाबून रेघ ओढली. कागद फाटंस्तवर ओढली. दुखलं मला. पण सुटल्यासारखंबी वाटलं. मंग तिनं खाली, वेलाच्या मधल्या मोकळ्या जागेत, शाळेतल्या अक्षरात लिहिलं, 'आमच्या गावात पाचवी नाही. मी चौथी पास आहे. मला शिकायचे आहे. साळू कचरू.'

साहेबांनी मला हातात धरलं आन् खालच्या चार ओळी वाचल्या. "हे असंच वर पाठवावं लागेल. मीच चुकलो म्हणून लिहावं लागेल. सगळ्या कचेरीत हसं होईल माझं."

रमाबाईंनी रिकाम्या खिळ्याकडं बघितलं. "होऊ द्या. ज्ञानाच्या सूर्याला एक ग्रहण लागलं तर काही बिघडत नाही."

"रूपक," साळूच्या तोंडातून पटकन निघालं, आन् तिनं जीभ चावली.

मंग माझे वाईट दिवस आले. काच-चौकट पुन्हा बसवून, लाल फडक्याच्या गाठोड्यात कोंबून मला वरच्या कचेरीत धाडलं. अंधार, धूळ, उंदरांची खुडखुड. गाठोडं कोणीतरी फरशीवर आपटलं, तवा हा तडा गेला. मला कोणी वाचंना, कोणी पुसंना. मी नुसता दिवस मोजून राह्यलो. चैत संपला, वैशाख संपला. मिरग लागला. मला वाटलं, संपलं सगळं. साळू शेळ्यांमागं गेली असंल.

गेल्तीच ती. मिरग लागून चार दिवस झालते तवा साहेबांनी मला गाठोड्यातून काढलं, काखेत मारलं आन् गावाला नेलं. संगं एक नवे मास्तर होते. वेशीत मच्छिंद्र पाटील हार घेऊन उभे. "या साहेब, या! आधी चहा, फराळ..."

"हार राहू द्या पाटील. आधी पोरं मोजू द्या."

पाटलांचे हात हारासकट तसेच वर राह्यले. साहेब थेट शाळेत घुसले. गुरुजी धडपडत उठले. साहेबांनी खिशातून हुकूम काढून टेबलावर ठेवला, पाचवीचा! नवं हजेरीबुक उघडलं आन् विचारलं, "साळू कचरू कुठं आहे?"

तुळजाबाई खिडकीशीच उभी होती. ती माळाकडं तोंड करून अशी वरडली, अशी वरडली, की ह्या टायमाला तिचा घसा खरंच फुटला असंल! साळू पळत आली. तिच्या मागं सगळ्या शेळ्याबी पळत आल्या, आन् त्यातल्या दोन वर्गात शिरल्या. कचरूबी शेतातून आला, दारात उभा राह्यला. साहेबांनी हुकूम त्याच्यापुढं धरला. त्याला वाचता येत न्हाई. त्यानं त्यावरचा सरकारी शिक्का बोटानं चाचपला, साळूकडं बघितलं, आन् दोन्ही शेळ्यांचे कान धरून त्यांना भाईर घेऊन गेला.

साहेबांनी पाचवीच्या हजेरीबुकात पहिलं नाव लिहिलं आन् पुकारलं.

"हजर," साळू म्हणली.

जाताना साहेबांनी मला गुरुजींच्या हातात दिलं. म्हणले, "हे इथंच टांगा. पोरांना अलंकार शिकवायला कामाला येईल." तवापासून मी इथं, पाचवीच्या वर्गात. छडीच्या टोकानं पोरं माझी एक-एक ओळ दाखवतेत, ही उपमा, हे रूपक. एकदा गुरुजी साळूनं लिहिलेल्या खालच्या ओळींवर आले. म्हणले, "जे हाय ते जसंच्या तसं सांगणं, यालाबी अलंकारच मानतेत, स्वभावोक्ती."

साळू तवा पाचवीतच होती. ती म्हणली, "गुरुजी, त्याला नाव नका देऊ. ते तसंच राहू द्या."

गुरुजींनी छडी खाली घेतली.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं हाय. नटवून बोला, जरूर बोला. डोंगराला हसवा, म्हशीला शांत म्हणा, मायला चिडवा. माझं त्याला काहीच म्हणणं न्हाई, मी स्वतः त्याच मातीचा. पण ज्या गोष्टीवाचून तुमचं अडलंय, ती आधी साध्या शाईनं लिहा आन् खाली आपलं नाव घाला. आन् कोणी तुमची लई स्तुती केली, तर टाळ्या थांबल्यावर एकदा भिंतीजवळ जाऊन बघा, त्यात तुम्ही कुठं हायेत.

हल्ली मला कोणी पुसत न्हाई. काचेवर इतकी धूळ बसली की सोनेरीबी दिसंना आन् शाईबी दिसंना. शर्टाच्या बाहीनं पुसली तरी चालंल. वरचं राहिलं तर राहू द्या, पण खालच्या चार ओळी तेवढ्या चांगल्या पुसा. उद्या पाचवीत नवी पोरं येऊन राह्यलीत.